चार नंबरची लेकरं

रूपालीला घाईची सवय जन्मापासूनची. तिची आई गंगूबाई वलगावात अजून कोणालाही सांगते, की ही पोरगी दिवस भरायचीही वाट न बघता, बाजाराच्या आदल्या दिवशी सांभाराच्या जुड्या बांधता बांधता झाली. वऱ्हाडात सांभार म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्या माणसाने उगाच इडलीची आठवण काढू नये. तर या घाईच्या पोरीने जुड्या बांधत बारावी केली, अमरावतीला बसने ये-जा करत कॉम्प्युटरची पदवी घेतली, आणि "आता वाडीतल्या वांग्याइकडं कोन पाह्यनार?" असं वडील शालिकराम विचारतात न विचारतात तोच अकोल्यात नोकरीही धरली.

नोकरी म्हणजे मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, भांड्यांच्या दुकानावर चालणारा कॉम्प्युटर क्लास. खालून पातेल्यांचा खणखणाट, वरून रूपाली मॅडमचा. तीन वर्षं तिने तिथे प्रोग्रामिंग शिकवलं, आणि त्यातला एक धडा तिच्या खास आवडीचा होता. तो आई-बाप आणि लेकरांचा. प्रोग्राममध्ये प्रत्येक वस्तूची आपली एक डबी असते, तिला ऑब्जेक्ट म्हणतात. एका डबीच्या ताब्यात दुसऱ्या डब्या असल्या की ती पेरेंट आणि बाकीच्या तिच्या चाइल्ड. रूपाली फळ्यावर घर काढायची, घरात चार खोल्या काढायची, मग डस्टरच्या एका फटक्यात सगळं घर पुसून विचारायची, "आता खोल्या कुठे आहेत?"

"गेल्या!" सगळा वर्ग ओरडायचा.

"गेल्याच पाहिजेत. पेरेंट गेला की चाइल्ड गेला. नाहीतर अनाथ डब्या मेमरीत भटकत बसतात."

हा धडा ती इतक्या जोशात घ्यायची की खालच्या भांडेवाल्यालाही तो तोंडपाठ झाला होता. चूक एवढीच, की तोंडपाठ झालेल्या गोष्टीकडे माणूस पुन्हा वळून बघत नाही, आणि रूपालीही काही त्याला अपवाद नव्हती.

पुढे तिने अमरावतीत स्वतःचं काम सुरू केलं. एक खोली, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा, आणि दारावर तिच्या नावाची पाटी. पाटी शालिकरामांनी स्वतः येऊन ठोकली, आणि तिरपी ठोकली. तिथे तिला पहिलं मोठं काम मिळालं ते गजेंद्रचं. परतवाड्याच्या अलीकडे त्याची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंबेरीचं, म्हणजे एका आंबट लिंबाचं, रोप पिशवीत वाढवायचं, त्याच्या खोडाला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा, म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची जागा, कापून त्यात बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा धरला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. मुळं जंबेरीची, फळ संत्र्याचं, आणि खालच्या जंबेरीला म्हणायचं खुंट. ज्या झाडांचे डोळे घेतात ते मातृवृक्ष. गजेंद्रकडे असे सात होते, एक ते सात नंबरांचे, आणि त्यांची सहा हजारांवर कलमं पिशव्यांतून उभी होती. कोणतं कलम कोणत्या मातृवृक्षाचं, हे दाखवता आलं तरच तपासणीचे साहेब प्रमाणपत्र देतात.

रूपालीला हे काम ऐकताच खुदकन हसू आलं. हा तर तिचाच धडा! सात आया आणि त्यांची लेकरं. तिने प्रत्येक पिशवीला तिच्या वेगळ्या नंबराचा बिल्ला अडकवायला लावला, प्रोग्राममध्ये प्रत्येक मातृवृक्षाच्या डबीत त्याच्या कलमांची यादी घातली, आणि घर गेलं की खोल्या गेल्या हा नियम सवयीनेच लावून टाकला. आठ दिवसांत काम तयार. गजेंद्र खूश, ती खूश, आणि शालिकराम तर बाजारात वांगी तोलताना गिऱ्हाइकांना सांगत, "माह्या पोरीनं झाडाइचं रेशनकार्ड बनवलं."

या वैशाखातल्या एका सोमवारी सकाळी गजेंद्रचा फोन आला.

"मॅडम, चार नंबर गेलं."

"कुठं गेलं?"

"पडलं जी. काल सांजच्या वाऱ्या-वावधनात बुडापासून उलटलं. परवा बुधवारी साहेब येऊन राह्यले तपासणीले, म्हून म्हटलं कॉम्प्युटरातूनही काढून टाकतो. तं बटन दाबलं, अन् त्याची लेकरंही गेली. अकराशे बारा."

"अकराशे बारा कलमं पडली?"

"कलमं कायले पडतीन? थे उभीच हायत. कॉम्प्युटरातून गेली!"

रूपालीने लगेच यादीची जुनी प्रत शोधली. ती सापडली ती दिवाळीच्या आधीची, आणि चार नंबरची ही कलमं बांधली होती दिवाळीनंतर. दर आठवड्याला प्रत आपोआप निघेल असं करते, असं तिने गजेंद्रला सांगितलं होतं, आणि पुढच्या कामाच्या नादात ते राहूनच गेलं होतं. घाई, दुसरं काय! तिने खोलीला कुलूप लावलं, बस पकडली, परतवाड्याला उतरून जीपमध्ये पाठीमागे अर्धी बाहेर लटकत बसली, आणि भर दुपारी नर्सरीत पोहोचली.

गजेंद्र बिचारा हात जोडूनच उभा होता. "माहीच चूक हाय मॅडम. म्या दाबलं बटन."

क्षणभर तिला वाटलं, म्हणावं हो. कोणीही मान्य केलं असतं. पण वलगावच्या बाईला खोटं बोलताना जीभ अडखळते. "बटन तुमी दाबलं," ती म्हणाली, "पन फास मी लावून ठेवला होता. चूक माही हाय, अन् निस्तरीनही मीच."

निस्तरायचं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. सहा हजार पिशव्या, हिरव्यागार, एकीसारखी दुसरी. पूर्वी एकेका मातृवृक्षाची कलमं वेगळ्या ओळींत होती, पण होळीच्या सुमारास उंचीप्रमाणे निवड करून सगळ्या पिशव्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या. बिल्ल्यावर नुसता पिशवीचा नंबर, आईचा नाही, आणि पानं बघून कोणी सांगू शकत नव्हतं की हे चारचं आणि हे पाचचं. आणि चार नंबर म्हणजे साधंसुधं झाड नव्हे. त्याच्या फळाची साल हाताने अलगद सुटायची आणि गोडीला जोड नव्हती. झाड उलटलं, म्हणजे त्याचे डोळे आता पुन्हा मिळायचे नाहीत. त्याचं जे काही जगात उरलं होतं ते ही अकराशे बारा कलमं. बुधवारपर्यंत ती वेगळी काढता आली नाहीत तर बिनआईची म्हणून गर्दीत मिसळून जाणार, आणि चार नंबर संपलं ते कायमचं.

उलटलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी नत्थुजी बसले होते. पस्तीस वर्षं डोळे बांधायचं काम. नर्सरीतल्या प्रत्येक कलमावर एकदा तरी त्यांची बोटं फिरलेली. त्यांची बायको पार्वताबाई शेजारी पाण्याचा गुंड घेऊन उभी होती. रूपालीला बघून नत्थुजींनी नमस्कार केला आणि सरळ मुद्द्यावर आले.

"मॅडम, एक इचारू? झाड पडलं, तं कलमं काऊन पुसली?"

"काका, आई गेली म्हून. प्रोग्राममंधी तसा नियम हाय. आई गेली की लेकरं जातात."

"बाप्पा!" नत्थुजी हसलेच. "माही माय जाऊन वीस वर्सं झाली. मी काय पुसलो गेलो?"

पार्वताबाईने तोंडाला पदर लावला. नत्थुजी उठले, जवळची एक पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि कलमाच्या सांध्यावर नख ठेवलं.

"हे पाह्य पोरी. डोया संत्र्याच्या झाडाचा. एकदा थो बसला की त्या झाडाचं काम सरलं. झाड राहो, पडो, जळो, याले काई फरक नाई. याचा जीव कोनावर हाय? या खुंटावर." मग त्यांनी बाजूला टाकलेली एक वाळकी पिशवी दाखवली. "याचा खुंट वाळला, त्याच्यासंगं डोयाही गेला. मरन-जगन खुंटासंगं. मायसंगं नुसतं नातं."

रूपाली त्या वाळक्या काडीकडे बघत राहिली. मग एकदम ओरडली, "भैताड! मी भैताड!"

गजेंद्र दचकला. त्याला वाटलं उन्हाने डोकं फिरलं. पण तिचं डोकं फिरलं नव्हतं, उघडलं होतं. तीन वर्षं फळ्यावर घर पुसणाऱ्या बाईला पहिल्यांदा कळलं की जीव वेगळा आणि नातं वेगळं. कलम खुंटाचं होतं. खुंट गेला तर कलम जाणार, तिथे तिचा खोल्यांचा नियम शंभर टक्के खरा. पण मातृवृक्ष कलमाचा मालक नव्हता. तिने मात्र आईच्याच हातात लेकरांचं मरण देऊन ठेवलं होतं!

"अन् काका, यादी कोनाजवळ ठेवाची? झाडाजवळ की कलमाजवळ?"

"झाडाले काय मालूम, त्याचे डोये कुठं कुठं गेले?" नत्थुजी म्हणाले. "परतवाड्याचं झाड, त्याचं पोरगं नागपूरले गेलं तं झाडाले कोन सांगते? पोराले इचार. थे सांगते आपली माय कोन."

आता मात्र तिला बसवेना. पंपाच्या खोलीत एक खाट होती आणि विजेचा बोर्ड होता, एवढं पुरेसं होतं. तिने लॅपटॉप उघडला आणि आईच्या डबीतली यादी उपटून टाकली. प्रत्येक कलमाच्या डबीत आईचा नंबर घातला, खुंट घातला. आईची लेकरं किती, हे विचारलं तर प्रोग्रामने सगळ्या कलमांना विचारून सांगायचं, स्वतःजवळ काही दडवून ठेवायचं नाही. मातृवृक्ष पुसायचा रस्ताच बंद. फार तर त्याच्यापुढे "पडलं" असा शेरा येईल. बोटं कीबोर्डवर नाचत होती आणि ती मधूनच स्वतःशी हसत होती. पार्वताबाई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा तो थंड झाला. दिवस कलायच्या आत नवा प्रोग्राम उभा राहिला. इतकं देखणं काम तिने आजवर केलं नव्हतं, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

पण देखण्या कामाने गेलेली लेकरं परत येतात थोडीच? उरलेल्या कलमांना त्यांच्या आया मिळाल्या. चारची अकराशे बारा मात्र गेली ती गेलीच. खात्री करायला म्हणून तिने समोरच्या एका पिशवीच्या बिल्ल्यावरचा नंबर टाकला. प्रोग्राम म्हणाला, सापडलं नाही.

"सापडलं नाई म्हंते," ती वैतागून म्हणाली. पुढच्या पिशवीचा टाकला. सापडलं, आई दोन नंबर. त्याच्या पुढचा. सापडलं, आई सहा. त्याच्या पुढचा. सापडलं नाही.

ती ताडकन उठली. खाट मागे सरकली. "गजेंद्रभाऊ! जे सापडत नाईत थेच चारचे हायत!"

"म्हंजे?"

"बाकी सहा झाडाइची सगळी कलमं यादीत हायत. अन् फक्त चारचीच पुसली गेली. मंग जे कलम जमिनीवर उभं हाय अन् यादीत नाई, थे कोनाचं? चार नंबरचं! दुसरं कोनाचं असूच शकत नाई!"

गजेंद्रला समजायला जरा वेळ लागला, पण समजल्यावर त्याने जी आरोळी ठोकली ती रस्त्यावरच्या जीपवाल्यानेही ऐकली असेल.

मंगळवारी उजाडताच काम सुरू झालं. पार्वताबाई आणि नर्सरीतल्या चार बाया ओळीओळीने बिल्ले वाचायच्या, रूपाली आणि गजेंद्र दोन फोनवर नंबर टाकायचे. "हाय" म्हटलं की पुढे चला, "नाई" म्हटलं की त्या पिशवीत एक ढेकूळ ठेवा. पहिल्या शंभरात अठरा ढेकळं पडली. मग बायांना चेव आला. "नाई" ऐकलं की सगळ्या मिळून "आलं वं आलं!" ओरडायच्या, घरी पाहुणा आल्यासारख्या. ऊन डोक्यावर आलं, कोणी सावली धरली नाही. रूपालीच्या अंगठ्याला पेटके येत होते आणि तिला इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जुन्या शहरातल्या पोरांना इथे आणावं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ढेकूळ द्यावं, असं तिला राहून राहून वाटत होतं. फळ्यावर असलं काही कळत नसतं.

चार वाजता शेवटची ओळ संपली. ढेकळांच्या पिशव्या वेगळ्या मांडल्या, मोजल्या. अकराशे अकरा.

"पुन्ना मोजा," गजेंद्र म्हणाला. पुन्हा मोजल्या. अकराशे अकरा. बटण दाबण्याआधी त्याने पडद्यावर अकराशे बारा स्वतः पाहिलं होतं. रूपालीने तुटके बिल्ले शोधले, वाळक्या पिशव्यांचा ढीग उपसला, पाटाच्या कडेनेही जाऊन आली. एकाने काय बिघडतं, असं कोणालाही वाटेल. पण एकाचा हिशोब लागत नसेल तर उरलेल्यांवर तरी साहेबांनी का विश्वास ठेवावा? नत्थुजी मात्र या शोधाशोधीत कुठे दिसले नाहीत.

बुधवारी साहेब आले. माणूस सभ्य, पण डोळा बारीक. रूपालीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. चूक कुठे झाली, कलमं कशी शोधली. साहेबांनी मधूनच पन्नासेक बिल्ले स्वतः तपासले, मान हलवली आणि विचारलं, "पद्धत पटली मला. पण अकराशे बारावं कुठे आहे?"

"नाही सापडलं सर," रूपाली म्हणाली.

पार्वताबाईने नवऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. नत्थुजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"माह्याजवळ हाय साहेब."

ते पुढे चालू लागले, बाकीचे मागोमाग. उलटलेल्या चार नंबरपासून दहा-बारा हात सोडून तुराट्यांचा एक आडोसा उभा होता. नत्थुजींनी तुराट्या बाजूला केल्या. आत एक कलम जमिनीत लावलेलं, बुडाशी ओल, गळ्यात बिल्ला.

"इतवारी झाड पडलं, अन् मले राहावलं नाई. अंधार पडाच्या आत लावून टाकलं. न इचारता लावलं, म्हंजे चोरीच झाली मालकाची. म्हून तोंड उघडलं नाई."

"काका, मले सांगाचं तं असतं!" गजेंद्र म्हणाला.

"सांगतलं असतं तं तू म्हनला असता, वैशाखात जगत नाई. अन् खरंच हाय थे. दिवसातून चारदा पानी घालून राह्यली ही पार्वता."

रूपालीने खाली बसून बिल्ला वाचला, नंबर टाकला. सापडलं नाही! तिला रडू आणि हसू एकदमच आलं. तिने तिथेच मातीत बसून लॅपटॉप मांडीवर घेतला, चार नंबरची डबी परत मांडली, ढेकळांच्या अकराशे अकरा नंबरांना आई चार जोडली आणि शेवटी हे एक जोडलं. आता प्रोग्रामला विचारलं, चार नंबरची लेकरं किती? अकराशे बारा. साहेबांनी कागदावर सही केली.

सगळे टाळ्या पिटत होते, पण नत्थुजी हलले नाहीत. ते पडद्यासमोर उकिडवे बसले.

"आता दाब थे बटन."

"कोनतं काका?"

"यानं दाबलं होतं थे. चार नंबर काढून टाकाचं."

"नोको काका!" गजेंद्र ओरडलाच. "झालं नं आता सगळं!"

"काय झालं? झाड तं पडलंच हाय. कवा तरी कोनी दाबीनच. मले आत्ता पाह्यचं हाय."

साहेब थांबले. बाया जवळ आल्या. रूपालीला आपला प्रोग्राम पाठ होता, त्यातली ओळन् ओळ तिची होती. पण नत्थुजींसमोर तिला खोटी खात्री देता येत नव्हती. तिने दाबलं.

चार नंबरपुढे शेरा उमटला, पडलं.

"अन् लेकरं?" नत्थुजींनी विचारलं.

"अकराशे बारा," रूपाली म्हणाली. मग तिने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि ओरडून पुन्हा म्हणाली, "अकराशे बारा, काका! एकही गेलं नाई!"

नत्थुजींनी पार्वताबाईच्या हातून पाण्याचा गुंड घेतला आणि त्या कलमाच्या बुडाशी हळूहळू पाणी सोडलं.